बीएसएफ अळी: आधी वाळवलेला माल, मग पेंड

बीएसएफ म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय ही माशी; तिच्या अळ्या खरकट्या-पाल्यावर वाढवून कोंबड्या-माशांच्या खाद्यासाठी विकतात. रोज १०० किलो ओल्या अळ्या निघू लागल्या की तेलघाणा घ्यायचा विचार सुरू होतो. आधी हिशेब करा. १०० किलो ओल्या अळ्यांतून साधारण ३० किलो वाळलेला माल मिळतो. त्यात चरबी ३० टक्के धरली आणि घाण्यातून काढल्यावर पेंडीत १० टक्के उरली, तर हाती येते २३ किलो पेंड आणि पावणेसात किलो तेल. महिन्याला जेमतेम सातशे किलो पेंड. खाद्य कारखाने टनांत खरेदी करतात, त्यामुळे एवढ्या मालासाठी ते दारात उभं करणार नाहीत. रोजचं उत्पादन टनाकडे जाईपर्यंत वाळवलेली अळीच विका: गावरान कोंबड्या पाळणारे आणि पाळीव पक्षी-माशांची दुकानं हे तुमचे पहिले गिऱ्हाईक.

तोवर एकच काम जीव लावून करा, प्रत्येक लॉट सारखा निघू द्या. अळीतली चरबी तिला काय चारलं त्यावर ठरते. आज हॉटेलचं खरकटं आणि उद्या भाजीबाजारातला पाला असं चाललं, तर दोन लॉट जुळत नाहीत. चाऱ्याचं प्रमाण बांधून घ्या. ओलावा ६५ ते ७० टक्के, म्हणजे मूठ दाबली की थेंब-दोन थेंब पाणी सुटतं. अळ्या मळकट पांढऱ्या असतानाच काढा. काळ्या पडू लागल्या म्हणजे उशीर झाला: कायटिन (अळीच्या कवचातला कठीण पदार्थ) वाढतं, खाणाऱ्याला ती कमी पचते.

चाळल्याबरोबर उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं बुडवा. ही पायरी गाळली तर जंतू राहतात आणि वाळताना माल काळवंडतो. मग ६० ते ७० अंशांवर वाळवा. आत ओल राहिली तर पोत्यात बुरशी धरते, आणि पुढे घाण्यातून पेंडीऐवजी लगदा बाहेर येतो.

प्रथिनांच्या आकड्यात फसगत होते. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही, मालातल्या नायट्रोजनला ६.२५ने गुणून आकडा काढते, पण कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. या अळीसाठी संशोधकांनी सुचवलेला गुणक ४.७६ आहे, त्याने ५४ टक्क्यांची पेंड ४१ वर येते. खाद्यतज्ज्ञाला दोन्ही आकडे द्या, सोबत मेथिओनिन (कोंबडीला लागणारं अमिनो आम्ल) आणि कॅडमियम (विषारी जड धातू) यांची तपासणीही. कॅडमियम चाऱ्यातून येऊन अळीत साठतं, म्हणून कारखान्याचा गाळ चाऱ्यात कधीच घेऊ नका.

पोल्ट्रीवाल्याकडे चाचणी लावताना निदान तीन कप्पे जुन्या खाद्यावर ठेवा आणि तीन कप्प्यांत ५ टक्के पेंड मिसळा. खाद्य आणि वजन दर आठवड्याला लिहा.