गाडीरस्त्याच्या कडेचा उतार: पावसापूर्वीची कामे आणि मृगातील लागवड

पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडी भागांत मळ्यातील घरापर्यंत गाडी नेण्यासाठी टेकाड तासून रस्ता काढला जातो आणि त्याच्या एका बाजूस मातीची उघडी कड उरते. वळवाच्या दोन-तीन सरींतच अशा कडेवर ओघळ पडू लागतात. म्हणून मातीकाम रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे साधारण २५ मेच्या आत, संपवावे आणि लागवड मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर करावी.

कोणतेही रोप आणण्याआधी वरून येणाऱ्या पाण्याची वाट बदलावी. कडेच्या माथ्यापासून तीन-चार फूट मागे फूटभर खोल आणि दीड फूट रुंद चर काढून त्यास शंभर फुटांत एक फूट इतकाच ढाळ द्यावा. त्याचे पाणी बाजूच्या ओढ्यात किंवा दगड रचलेल्या जागी सोडावे. शेजाऱ्याच्या शेतात सोडू नये, हे सांगायला नको. शिरोळ, हातकणंगलेकडील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. तेथे चराच्या तळाला दगड किंवा काँक्रीटचे अस्तर नसेल, तर अडवलेले पाणी भेगांतून कडेच्या पोटात शिरते आणि चर नसल्यापेक्षा अधिक नुकसान होते.

जागा असल्यास एक फूट उंचीला दोन फूट पाया राहील इतका उतार सपाट करावा. ते शक्य नसेल तर पायथ्याशी दगडी ताल (माती अडवणारी भिंत) बांधावी, तिच्यामागे फूटभर खडी भरावी आणि पाणी निघण्यासाठी भोके ठेवावीत. पुरुषभर उंचीची भिंत गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

लागवडीसाठी आमची पहिली पसंती वाळ्याच्या (खस) गवताला आहे. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली, चांगल्या जमिनीत दहा फुटांपर्यंतही जातात. दोन-तीन फुटव्यांचा ठोंब घेऊन पाने वीतभर ठेवून छाटावी, मुळेही आखूड करावीत आणि ठोंब अर्ध्या फुटावर लावावेत. ओळी मात्र समपातळीतच हव्यात. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पातळी घेऊन चुन्याने रेघ आखावी, कारण ओळ एका टोकाला उतरली की सगळे पाणी त्या टोकाला जमून तेथेच माती फोडते. तीव्र उतारावर दोन ओळींतील उभे अंतर तीन फुटांपेक्षा जास्त ठेवू नये. मधल्या पट्ट्यात हरळीची गड्डी किंवा गवती चहा चालतो. जनावरांची ये-जा असल्यास निर्गुडी लावावी, ती जनावरे सहसा खात नाहीत. घायपात माती धरतो, परंतु त्याच्या पानांची टोके अणकुचीदार असल्याने मुले चालतात त्या बाजूस तो नको. नारळ, आंबा किंवा निलगिरी कडेच्या अगदी माथ्यावर लावण्याचा मोह टाळावा; वाऱ्यात हलणारे मोठे झाड ओली कड सैल करते.

रोपे धरेपर्यंत उघडी माती उसाच्या पाचटाने पातळ झाकावी आणि बांबूच्या खुंट्यांना आडवी दोरी बांधून ते दाबून ठेवावे. जाड थर घसरून खालचे गटार तुंबवतो. गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या भागात पाचटाऐवजी काथ्याची जाळी अंथरणे अधिक भरवशाचे आहे.

पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर माथ्यावरचा चर पाहून त्यातील गाळ काढावा. माथ्याला समांतर भेग दिसल्यास तीत पाणी शिरणार नाही अशा रीतीने ताडपत्री टाकावी आणि खालच्या रस्त्यावर गाडी उभी करणे थांबवावे. मेलेल्या ठोंबांच्या जागी ऑगस्ट संपण्यापूर्वी नवे ठोंब लावावेत. त्यानंतर लावल्यास हिवाळ्यात पाणी देणे भाग पडते.