राग गिळला म्हणजे आवरला असं नाही : भांडणात होणाऱ्या या चुका टाळा

पेरणीच्या तोंडावर आमच्या परभणीकडं दोन गोष्टी हमखास होतात. आभाळाकडं डोळे लागतात आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणं निघतात.

तीन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या ट्रॅक्टरनं आमचा धुरा कोरला. मी चकार शब्द काढला नाही. घरचे म्हणाले, "शहाणा आहेस, सोसलंस." चार दिवसांनी वरणात मीठ कमी पडलं म्हणून मी ताट भिरकावलं आणि माझी लेक घाबरून आजीच्या पदराआड गेली. धुऱ्यावरचा राग त्या लेकरावर निघाला होता.

राग गिळणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक, कारण तिचं कौतुक होतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं, की चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्या माणसाच्या शरीरावरचा ताण कमी होत नाही, उलट वाढतो. शिवाय चेहरा सांभाळण्यात लक्ष गेल्यानं समोरचा काय बोलला तेही नीट आठवत नाही.

पैठणच्या नाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. अंगावर थुंकणाऱ्याला ते काही बोलले नाहीत, म्हणून तूही सोस, असं सांगितलं जातं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नाथ तिथं दातओठ खात उभे राहिले नाहीत, दर खेपेला वळून गंगेवर गेले आणि पाण्यात उतरले. राग आधी अंगात चढतो. छाती धडधडते, मुठी आवळतात, कान तापतात. अशा वेळी मनाला समजावत बसण्याआधी अंगाला थोडं चालू द्या, तोंडावर गार पाणी मारा.

मग नाव द्या. "राग आला" एवढ्यानं भागत नाही. अपमान वाटला, की जमीन जाईल अशी भीती वाटली? कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या अभ्यासात, भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. मला नाव सापडायला वर्ष लागलं. मग भावाला म्हणालो, "दादा, धुरा मोडला तेव्हा वाटलं की तू मला मोजतच नाहीस. सरकारी मोजणी आणू, दोघं मिळून पैसे भरू." तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "तवाच कामून नाही बोललास?"

याच्या उलट चूक म्हणजे सगळं ओकून टाकणं. आदळआपट केली, भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला लांबलचक मेसेज टाकला की मन मोकळं होतं, हा समज खोटा आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात, ज्याच्यावर राग होता त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर गुद्दे मारणाऱ्यांचा राग नुसतं शांत बसलेल्यांपेक्षा जास्तच राहिला.

भांडणातून न सांगता उठून जाणंही तितकंच वाईट. मागं राहिलेल्याला ते दार तोंडावर आपटल्यासारखं लागतं. "मला अर्धा तास दे, मग बोलू" एवढं सांगून जा, आणि परत या. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन शरीर निवायला किमान 20 मिनिटं लागतात असं सांगतात. पण त्या वेळात पुढचं उत्तर घोळवत बसलात तर तासभर गेला तरी तापलेलेच परत याल.

"श्वासाचं करून पाहिलं, काही होत नाही," असं खूप जण सांगतात. बहुतेकांचं दोन ठिकाणी चुकतं. एक तर जोरजोरात श्वास आत ओढतात, त्यानं गरगरतं. सोडणं लांब हवं : चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. दुसरं, पहिल्यांदा आठवण होते ती ऐन भांडणात. सवय डोकं थंड असताना लावावी लागते. रात्री शेतात पाण्याची मोटार चालू करून बसलात की पाच मिनिटं करा, रोज.

शेतीला रात्री येणाऱ्या लाईटचाही हिशेब धरा. दोनला उठून पाणी धरणाऱ्या माणसाचं डोकं सकाळी लवकर फिरणारच. झोप मोडली, की मेंदूचा लगाम ढिला पडतो. अशा दिवशी वाटणीचा, पैशाचा विषय काढू नका. त्यात दारू असेल तर कुठलाच नको.

आणि हे सगळं मार खात राहण्यासाठी नाही. घरात हात उगारला जात असेल तर बाईनं श्वास मोजत बसू नये, 181 या महिला हेल्पलाइनला किंवा तातडीच्या मदतीसाठी 112 ला फोन करावा. जीव नकोसा वाटत असेल, रात्र रात्र झोप येत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तो आजच टाकून ठेवा.