तन्मणी असो की मोत्याचं पेंडंट, आधी भोक बघा

मोत्याचा दागिना घेताना आपण चमक बघतो, भाव विचारतो, फार तर घडणीवर चर्चा करतो. मोत्याचं भोक मात्र क्वचितच कुणी बघतं. दोरा जिथे आत शिरतो, तिथे मोत्याचं अंतरंग उघडं पडलेलं असतं. मोती खरा की नकली, वरचा थर जाड की पातळ, रंग मूळचा की दिलेला, याचं बरंचसं उत्तर त्या बारीक छिद्राच्या काठावर मिळतं.

सांगलीत हरभट रोड आणि सराफकट्टा, साताऱ्यात मोती चौक. या बाजारात मोत्याचं पदक असलेला गळ्यातला दागिना दोन प्रकारे समोर येतो. एक म्हणजे जुना तन्मणी: मोत्याचे दोन, तीन किंवा जास्त सर आणि मधोमध हिरे, माणकं, पाचू किंवा साधे खडे बसवलेलं खोड. दुसरा आजचा प्रकार: सोन्याच्या किंवा चांदीच्या साखळीत एकच मोती. दोन्हींत मोती, सोनं आणि दोरा किंवा साखळी या तीन वस्तू वेगवेगळ्या तपासायच्या आणि तिघांचे पैसेही वेगवेगळे मांडून घ्यायचे. एकगठ्ठा भाव सांगितला की नेमकं कशाचे पैसे दिले हे नंतर कळत नाही.

जाताना दहापट मोठं दिसणारं भिंग, धुतलेला पांढरा सुती रुमाल आणि मिलिमीटरची पट्टी न्या. बॅटरी मोबाइलची चालते. दागिना दुकानातल्या मखमलीवर बघू नका. गडद कापडावर कोणताही मोती उजळ दिसतो. रुमालावर ठेवा आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात या. थेट ऊन नको. चांगल्या मोत्यात दाराची चौकट, तुमचा चेहरा, दिवा यांचं प्रतिबिंब रेखीव कडेचं दिसतं. प्रतिबिंब धुरकट असेल तर थर पातळ किंवा घासलेला असू शकतो. सर असेल तर तो रुमालावर हलकेच गडगडवा. गोल मोती सरळ पळतात, बाकीचे डगमगतात.

मग दातांची परीक्षा. मोती आधी पुसून घ्या आणि पुढच्या दाताच्या धारेवर हलकेच फिरवा. खरा मोती किंचित रवाळ लागतो, काच किंवा प्लास्टिक गुळगुळीत सरकतं. तोंडात घालायचं नसेल तर दोन मोती एकमेकांवर घासा. खरे मोती रवाळ घासतात आणि चिमूटभर पांढरी पूड सुटते, ती पुसली की खूण राहत नाही. पण ही परीक्षा फक्त नकली माल बाजूला काढते. नैसर्गिक आणि कल्चर्ड (माणसाने शिंपल्यात वाढवून घेतलेले) हे दोन्ही खरेच मोती आणि दोन्ही रवाळच लागतात, त्यामुळे रवाळ लागला म्हणून ‘बसरा’ (आखातातला नैसर्गिक मोती) असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. तापवलेली सुई टोचणं, लिंबाचा रस लावणं असल्या परीक्षा कुणालाही करू देऊ नका. मोती कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आंबटाने तो विरघळतो आणि गेलेला थर परत येत नाही.

आता भिंग भोकावर. नकली मोत्याच्या भोकाच्या काठाला लेप सोललेला, सुरकुतलेला किंवा रंगाच्या पापुद्र्यासारखा उचललेला दिसतो आणि आत काच चकाकते. जुन्या नकली मोत्यांत काचेचा पोकळ मणी आणि आत मेण असाही प्रकार आहे. तो हाताला फार हलका लागतो. कल्चर्ड मोत्यात, विशेषतः अकोयात, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या जपानी प्रकारात, काठावर चमकदार पातळ थर, मग बहुधा एक गडद रेघ आणि त्याच्या आत निस्तेज पांढरा मणी दिसतो. हा मणी शिंपल्याचा असतो आणि त्यावर शिंपल्यातल्या जिवाने थर चढवलेला असतो. अकोयात हा थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतो; पाव मिलिमीटरहून कमी असेल तर रोजच्या वापरात काही वर्षांत मणी उघडा पडतो. भोकाभोवतीच थर तुटायला लागलेला दिसला तर तो सर सोडून द्या. मागून बॅटरी धरून मोती फिरवला की पातळ थरातून आतल्या मण्याचे समांतर पट्टेही दिसतात.

चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोत्यांत मणीच नसतो, सगळा मोती थरांचाच. त्यामुळे स्वस्त असूनही रोज वापरायला ते टिकाऊ. बटणासारख्या चपट्या पाठीचा गोड्या पाण्यातला मोती पेंडंटला उत्तम बसतो: समोरून मोठा दिसतो, पाठ गळ्यावर सपाट राहते आणि तेवढ्याच आकाराच्या गोल मोत्याहून कमी पैशात मिळतो. रंगीत मोती घेताना भोकाच्या काठावर किंवा बारीक खड्ड्यांत रंग गडद साचलाय का बघा. तसं असेल तर रंग दिलेला आहे. ताहिती म्हणजे मूळचाच काळसर मोती; त्याच्या नावाने रंगवलेला मोती बराच विकला जातो.

नावांना भुलू नका. ‘हैदराबादी मोती’ हैदराबादेत पिकत नाहीत. ते शहर मोत्यांना भोकं पाडण्याचं, ओवण्याचं आणि विकण्याचं केंद्र आहे. ‘शेल पर्ल’ म्हणजे शिंपल्याच्या मण्यावर किंवा भुकटीच्या गोळ्यावर दिलेला कृत्रिम लेप, मग पुढे ‘साऊथ सी’ हे महागड्या खऱ्या मोत्याचं नाव लावलेलं असलं तरी. एका पेटीतले सगळे मोती अगदी एकसारखे गोल, एकाच छटेचे आणि निर्दोष असतील आणि भाव हलका असेल, तर बहुतेक वेळा हाच माल.

जुना आहे म्हणून नैसर्गिक असेल असं अजिबात नाही. जपानचे गोल कल्चर्ड मोती १९२० च्या दशकापासून बाजारात आले. म्हणजे आजी-पणजीच्या पेटीतला सरही कल्चर्ड असू शकतो. खऱ्या जुन्या नैसर्गिक मोत्यांची एक खूण भोकातच सापडते. ते वजनावर विकले जात, म्हणून भोक शक्य तितकं बारीक ठेवत, आणि आकार बहुधा लहान, थोडा वेडावाकडा असे. पण ही खूण झाली, पुरावा नव्हे. नैसर्गिक की कल्चर्ड याचा निकाल प्रयोगशाळेत क्ष-किरणाने लागतो. विक्रेता नैसर्गिक मोत्याचा भाव मागत असेल तर मुंबईतल्या मान्यताप्राप्त रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल मागा. अहवाल नसेल तर कल्चर्डच्या भावापुढे जाऊ नका. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाईवाल्यांचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांचा, सोन्याच्या टंचात (शुद्धतेच्या परीक्षेत) हात धरणारा क्वचितच सापडेल, पण मोती ही वेगळी विद्या आहे. सोन्याला एक माणूस आणि मोत्याला दुसरा विचारणं यात काही गैर नाही.

तन्मण्याचं खोड

खोड उलटं करून बघा. जुन्या खोडात पुष्कळदा लाख भरलेली असते. पाठीच्या पत्र्यावर नखाने टिचकी मारली तर भरीव सोन्याचा आणि लाखेचा आवाज निराळा येतो. कडेला तपकिरी रेघ दिसली तर लाख आहेच. लाख असेल तर तो दागिना तापवता येत नाही. डाग द्यायला (सांधा जोडायला) म्हणून सोनाराने भट्टीवर धरला की लाख वितळते आणि खडे सुटतात. खड्यांखाली चमकदार पत्रा, म्हणजे डाक, असेल तर पाणी शिरून तो काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. एखादाच खडा मंद असेल तर डाक बदलता येते, पण ते काम करणारा कारागीर आधी शोधा, मग दागिना घ्या. पाचू म्हणून बसवलेला खडा भिंगातून बघा: आत गोल बुडबुडे दिसले तर काच.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठची घरं पाण्यात गेली. जुना सर घेताना दोऱ्यावर मातकट डाग आणि भोकात गाळ आहे का, हे म्हणूनच बघावं. गाळाचे कण आतून दोरा कापतात. मोती खराब झालेला नसेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त नव्याने गाठवण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

वजनाचा हिशेब

सगळ्यात जास्त पैसे जातात ते इथे. समजा तन्मणी ३२ ग्रॅम भरला. १६ इंचाच्या सरात ३ मिलिमीटरचे साधारण १३५ मोती बसतात आणि त्यांचं वजन ५ ग्रॅमच्या आसपास होतं. तीन सर म्हणजे १५ ग्रॅम नुसते मोती. उरले १७ ग्रॅम, त्यात खडे, लाख आणि रेशीम. हे सगळं सोन्याच्या भावात मोजलं तर निम्मे पैसे नाहक जातील. अंदाजासाठी गोल मोत्याची वजनं लक्षात ठेवा: ४ मिलिमीटरचा ०.०९ ग्रॅम, ७ चा साधारण अर्धा ग्रॅम, ८ चा पाऊण ग्रॅमला थोडा कमी, १० चा १.४ ग्रॅम. मोत्याचा भाव कॅरेटमध्ये सांगितला तर १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम; हा वजनाचा कॅरेट, सोन्याच्या शुद्धतेचा नव्हे. जुन्या चिठ्ठीत वजन तोळ्यात असेल तर तो तोळा ११.६६ ग्रॅमचा, ९६ गुंजांचा. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. घरातली चिठ्ठी आणि दुकानातला काटा जुळत नाही, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

शुद्धतेसाठी दुकानातलं मशीन फक्त वरचा थर वाचतं. मुलामा जाड असेल तर ते फसतं, म्हणून जुन्या खोडाला मागच्या बाजूला कसोटीवर घासूनही बघायला सांगा. नव्या सोन्याला हॉलमार्क हवाच: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षरांकांचा क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचं सोनं दुकानातून एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून दागिन्याचा प्रकार जुळतो का ते तिथेच बघा. एक अडचण मात्र मोत्याच्या पेंडंटला नेहमी येते. २ ग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तूला आणि कुंदन-जडावाच्या कामाला ही सक्ती नाही. एका मोत्याच्या पेंडंटची टोपी, म्हणजे मोती बसवायची सोन्याची वाटी, अर्ध्या-पाऊण ग्रॅमची असते, म्हणजे तिथे शुद्धतेचा आधार फक्त पावतीचा. कॅरेट लिहून घ्या.

नवं पेंडंट

तयार पेंडंटमध्ये मोती टोपीत चिकटवलेला असतो, त्यामुळे भोक दिसत नाही. तेव्हा टोपीच्या कडेला भिंग लावून लेप सुटलाय का बघा. त्याहून बरं म्हणजे सुटा मोती निवडा, अर्धवट पाडलेलं भोक बघा आणि मग बसवून घ्या. भोक मोत्याच्या व्यासाच्या दोन तृतीयांशाइतकं खोल असावं आणि टोपीतली काडी तेवढीच लांब, शक्यतो खरबरीत किंवा आटे पाडलेली. आखूड, गुळगुळीत काडी हेच मोती निखळण्याचं मुख्य कारण. चिकटवायला दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरायला सांगा आणि २४ तास दागिना हलवू नका. झटपट सुकणारा गोंद ठिसूळ होतो आणि वर्षभरात सुटतो. डाग देण्याचं काम मोती बसवायच्या आधी संपलेलं असावं.

पेंडंटच्या कडीतून साखळीचा हूक आरपार जायला हवा, म्हणून कडीचं तोंड निदान ३–४ मिलिमीटर ठेवा. १० मिलिमीटरचा मोती फार नाजूक साखळीत घातला तर तो सतत फिरतो आणि टोपी पुढे येते. लांबी नाडीने मापून ठरवा, ब्लाउजच्या गळ्यासकट. १४ इंच गळ्यालगत बसतं, १६ गळ्याच्या खळगीशी, १८ त्याच्या खाली. काठपदराच्या साडीवर चिंचपेटी घालणार असाल तर पेंडंट २० च्या पुढेच न्या, नाहीतर दोन्ही एकमेकांवर चढतात. शेवटी एक-दोन इंचाच्या जादा कड्या ठेवून घेतल्या तर एकच साखळी साडीवर आणि ड्रेसवर दोन्हीकडे चालते.

पावतीत एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन आणि कॅरेट, मोत्यांचा प्रकार (नैसर्गिक, कल्चर्ड की कृत्रिम), संख्या आणि वजन, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी हे वेगवेगळ्या ओळींत हवं. मोड देताना मोत्यांचे किती धरणार हेही आत्ताच विचारा. पुष्कळ ठिकाणी फक्त सोन्याचे पैसे परत मिळतात. मोत्याचा प्रकार लिहायला दुकानदार तयार नसेल, तर आमच्या मते तिथून उठावं.

वापरताना अत्तर, पावडर, हेअरस्प्रे आधी आणि मोती शेवटी. हळदीच्या कार्यक्रमात मोती घालूच नका. हळद थरात आणि दोऱ्यात मुरते आणि निघत नाही. काढल्यावर ओलसर मऊ कापडाने पुसा. रिठ्याचं पाणी सौम्य असलं तरी ओवलेला सर त्यात बुडवू नका, ओलं रेशीम ताणतं. अल्ट्रासॉनिक मशीनला मोती लावायचे नाहीत. ठेवताना हवाबंद प्लास्टिकऐवजी सुती पिशवी, आणि लॉकरमध्ये असेल तर वर्षातून काही वेळा बाहेर काढून घाला. फार कोरड्या जागी थराला तडे जातात.

नेहमी वापरात असलेला सर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा गाठवावा. दोन मोत्यांमध्ये दोरा दिसू लागला किंवा मळकट झाला की वेळ झाली. ४ मिलिमीटरच्या पुढच्या मोत्यांना दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारून मागा. दोरा तुटला तर एकच मोती पडतो आणि भोकांचे काठ एकमेकांना कापत नाहीत. बारीक मोत्यांच्या तन्मण्यात एवढ्या गाठी बसत नाहीत, तिथे दोन्ही टोकांच्या काही मोत्यांपुरत्या पुरेत. जुन्या बारीक भोकात जाड दोरा घालण्यासाठी भोक मोठं करू देऊ नका. नैसर्गिक मोती असेल तर वजन आणि किंमत दोन्ही घटतात. गाठवायला देण्याआधी सर मोजा, शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा, पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि मोत्यांची संख्या चिठ्ठीवर लिहून घ्या. परत घेताना आधी मोती मोजायचे; वजनात नव्या-जुन्या दोऱ्याचा थोडा फरक पडतो, पण संख्येत पडत नाही.