ब्रेक दाबल्यावर गाडीतून आवाज येत असेल तर घरच्या घरी करायची तपासणी

खेड्यात राहणाऱ्या वाहनधारकासाठी गॅरेज बहुधा तालुक्याच्या गावी असते. म्हणून ब्रेकमधून आवाज येऊ लागला, की तो कशाचा आहे यापेक्षाही आधी हे ठरवावे लागते, की या अवस्थेत गाडी तिथपर्यंत चालवत न्यावी की नाही. हा निर्णय बराचसा कानांनीच घेता येतो. मात्र त्यासाठी आवाज लक्षपूर्वक ऐकावा लागतो.

त्याआधी चाके धुऊन घ्यावीत. पावसाळ्यात पांदणीतून गाडी काढली, की काळी माती चाकाच्या आतल्या बाजूस थापली जाते आणि उघडीप पडताच वाळून दगडासारखी घट्ट होते. मुरमाच्या किंवा नव्याने गिट्टी टाकलेल्या रस्त्यावर बारीक खडा डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये अडकतो. दोन्ही कारणांनी इतका कर्कश आवाज येतो, की ब्रेकच निकामी झाले असे वाटावे. पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे घर्षणाचे तुकडे) चांगले असताना केवळ चिखलापायी ते बदलून घेणे हा निष्कारण खर्च आहे. गाडी थंड झाल्यावरच आतल्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा, कारण तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडल्यास ती वाकण्याचा धोका असतो. खडा अडकला असेल, तर मोकळ्या जागी गाडी हळूहळू मागे-पुढे केल्यावर तो पुष्कळदा आपोआप निघून पडतो. रात्रभर दव किंवा पाऊस झेललेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, त्यामुळे सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकला खरखर होऊन ती थांबली, तर तो बिघाड समजू नये.

धुऊनही आवाज राहिला, तर रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर, काचा खाली करून आणि पंखा व गाणी बंद ठेवून, ताशी वीस ते तीस किलोमीटर वेगाने गाडी चालवावी. आधी ब्रेक न लावता ऐकावे, मग हलका ब्रेक लावावा आणि शेवटी मागे कुणी नाही याची खात्री करून जरा जोरात लावावा. शक्य असल्यास घरातल्या कुणाला तरी रस्त्याच्या कडेला, गाडीपासून सुरक्षित अंतरावर उभे करावे. आवाज पुढून येतो की मागून, हे बाहेरच्या माणसाला आत बसलेल्यापेक्षा अधिक स्पष्ट कळते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम (ज्याच्या आतून लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, दाबल्या जातात असा गोल डबा) असतात. चालण्याच्या वेगाने गाडी पुढे नेत, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. तेव्हाही तोच आवाज आला, तर दोष मागच्या ड्रममध्ये असण्याची शक्यता मोठी असते.

बारीक, उंच, शिट्टीसारखा 'चीं' आवाज धूळ, कडक झालेले पॅड किंवा पॅडची झीज यांमुळे येतो. अनेक पॅडना पत्र्याची एक छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते; पॅड झिजत आले, की ती डिस्कला घासून चालकाला सावध करते. अशा वेळी गाडी जपून चालवता येते, पण दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलू नये. याउलट लोखंडावर लोखंड घासल्यासारखी जाड खरखर येत असेल आणि ती पेडलखाली पायालाही जाणवत असेल, तर पॅडचे घर्षणाचे आवरण संपून मागची लोखंडी पाटी डिस्कला खात आहे असे समजावे. अशी गाडी तालुक्यापर्यंतही चालवू नये. मेकॅनिकला गावी बोलवावे किंवा गाडी उचलून न्यावी. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या घाटासारख्या उतारावर तर तिला घालण्याचा विचारही करू नये.

ब्रेक लावताना एकदाच 'खट' असा आवाज येत असेल, तर पॅड आपल्या जागी सैल आहेत किंवा चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) झिजले आहेत, असा संशय घ्यावा. पेडल आणि स्टिअरिंग थरथरत असेल, तर दोष बहुधा डिस्कच्या पृष्ठभागात असतो. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत निसरड्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबल्यावर घरघर होऊन पेडल धडधडते; ती त्या यंत्रणेची नेहमीची क्रिया आहे.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी गाडी सपाट व कठीण जागी उभी करावी. काळ्या मातीत जॅक रुतून कलतो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवावी, चाकांना दगडांची अडण लावावी आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चाक काढल्यावर आतले आणि बाहेरचे असे दोन्ही पॅड पाहावेत. घर्षणाचे आवरण तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरले असेल, तर पॅड बदलायला झाले. एक पॅड भरलेला आणि दुसरा संपलेला दिसला, तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्या धुळीने जाम झाल्या असतील, तर त्या साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावणे आवश्यक आहे, अन्यथा नवे पॅडही तसेच झिजतील.

दरवाजाच्या बिजागरीला तेल लावावे तसे ब्रेकला लावण्याचा मोह होतो, पण पॅड, लायनर किंवा डिस्क यांच्यावर तेलाचा थेंबही पडता कामा नये, कारण गाडी थांबते ती घर्षणामुळेच. डिझेलनेही हे भाग पुसू नयेत. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली गेली असेल, तर पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे, आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर आवाज असो वा नसो, गाडी जागेवरून हलवू नये. त्या डबीत झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच ऑइल भरावे. इंजिन ऑइल गेल्यास आतली रबरी सीले फुगून संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

पॅड बदलायचे झाल्यास डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलून घ्यावेत, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबावे, कारण नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिल्या एक-दोन दाबांत पेडल थेट तळाला जाते. नंतरचे साधारण दोनशे-तीनशे किलोमीटर, नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत, गरज नसताना करकचून ब्रेक लावू नये. या काळात हलकी घासट ऐकू आली, तर ती हळूहळू कमी होत जाते.