नववीच्या मुलांना अंगणवाडीत पाठवताना: तयारी कशी करून घ्यावी

अंगणवाडीतल्या लहानांचे खेळ घ्यायला गेलेला नववीतला विद्यार्थी पहिल्याच दिवशी हमखास पाटी पुढ्यात घेतो आणि चार वर्षांच्या मुलाला 'अ' गिरवायला लावतो. शिकवणं म्हणजे काय, हे त्याने आजवर तसंच पाहिलेलं असतं. ही सवय मोडण्यात तयारीचा बराचसा वेळ जातो आणि तो जायलाच हवा. तीन ते सहा या वयात बोटं, मनगट, कान आणि बोली तयार व्हायची असते. अक्षरांची पाळी नंतरची.

दहावी-बारावीची मुलं घेऊ नका, परीक्षा जवळ आली की ती गळतात. नववी किंवा अकरावीचे आठ विद्यार्थी घ्या आणि त्यात निम्मे मुलगे असू द्या. लहानांना सांभाळणं हे फक्त मुलींचं काम नाही, हे तोंडाने सांगून पटत नाही. वीस मुलांच्या अंगणवाडीला आठ जण पुरतात. पाच मुलांमागे दोघं: एक खेळ घेणारा, दुसरा नुसता पाहून टिपणारा. दर आठवड्याला दोघांनी कामं बदलायची. सुरुवातीला दीड-दीड तासाची सहा सत्रं, त्यानंतर आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं प्रत्यक्ष काम. अंगणवाडीच्या ताईंशी आधी बसून बोला आणि त्यांच्या कार्यालयाची व विद्यार्थ्यांच्या पालकांची परवानगी लेखी घ्या.

पहिली दोन सत्रं अंगणवाडीतच, चार-चार जणांच्या तुकडीने, भिंतीला टेकून बसायची. प्रत्येकाने एकच मूल निवडायचं, पंधरा मिनिटं पाहायचं, आणि ते हातांनी काय करतं, काय बोलतं एवढंच लिहायचं. हुशार, मस्तीखोर, लाजाळू असे शब्द वहीत आले की खोडायला लावा. 'मुलगा हट्टी आहे' याचा पुढे काही उपयोग होत नाही. 'डबा मिळाला नाही म्हणून जमिनीवर आडवा झाला; ताईंनी झाकण उघडायला दिलं, तसा उठून बसला' या ओळीतून पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. ही दोन सत्रं वाचवण्याचा मोह टाळा. पाहणं कच्चं राहिलं तर पुढचं सगळं आरडाओरड्यावर जातं.

तिसरं सत्र बोलण्याचं. खाली बसून, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलायचं. एका वेळी एकच सूचना. 'चपला काढा, हात धुवा आणि गोलात बसा' यातलं तीन वर्षांच्या मुलाला बहुधा शेवटचं तेवढं ऐकू येतं. 'पळू नका' म्हणण्याऐवजी 'चालत या' म्हणायचं. काय करायचं नाही हे सांगितल्याने काय करायचं ते कळत नाही. अशी दहा वाक्यं जोडीने घोटून घ्या. घरी वारली, भिली, पावरी बोलणारी मुलं असतील तर विद्यार्थ्यांनी त्याच बोलीत बोलावं. 'शुद्ध बोल' असं कुणालाही म्हणू नये.

चौथ्या सत्रात बडबडगीतं आणि गोष्टी. प्रत्येकाला तीन गाणी हावभावांसह आणि एक गोष्ट पाठ हवी. सहा-सात मिनिटांची, दोन-तीन पात्रांची, एक वाक्य पुन्हा पुन्हा येणारी. ते वाक्य मुलं आपणहून म्हणू लागली की गोष्ट जमली. शेवटी 'तात्पर्य काय?' विचारायचं नाही.

पाचवं सत्र साहित्याचं. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या बिया, पानं, शंख, दगड अशा भोवतालच्या वस्तूंवर. आजही विकतचं फार लागत नाही. मात्र एक चाळणी लावा: पुठ्ठ्याची चार सेंटिमीटर रुंद नळी करा आणि तिच्यातून आरपार जाणारी वस्तू साडेतीन वर्षांखालच्या मुलांपुढे ठेवू नका. चिंचोके, राजमा, मणी नाकाकानात जातात, घशात अडकतात. मळायच्या गोळ्यासाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, चिमूटभर हळद आणि साधारण पाऊण वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घाला, एकदम ओतलं की गोळा हाताला चिकटतो आणि मुलं हात झटकून उठतात. यातून लिंबाएवढे आठ-दहा गोळे होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस टिकतात. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तेव्हा थोडा कोरडा मैदा मिसळायचा. बोट कापलेल्या मुलाला हा गोळा देऊ नका, मीठ झोंबतं. आणि खारट म्हणून कुणी खाणार नाही, असं धरून चालू नका, लक्ष ठेवा.

सहाव्या सत्रात रंगीत तालीम. चाळीस मिनिटांची मांडणी अशी: पाच मिनिटं गाणं, बारा मिनिटं हातांचा खेळ, पाच मिनिटं उड्या-धावणं, आठ मिनिटं गोष्ट, उरलेली दहा आवरणं आणि हात धुणं. आवरायला दहा मिनिटं जास्त वाटतात, पण आवरताना झाकणं लावणं, आकारांनुसार वेगळं करणं हेच तर शिकणं आहे. तालमीत विद्यार्थ्यांपैकीच एकाने रडायचं, एकाने शेजाऱ्याला चावायचं, एकाने उठून निघून जायचं. रडणाऱ्याला 'रडू नको' म्हणून तो थांबत नाही. शेजारी बसा, 'आई आठवली का?' एवढं विचारा, हातात गोळा द्या. चावा घेतला तर आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जा.

काही नियमांना अपवाद नाही. दाराआड कुणाही मुलासोबत एकट्याने थांबायचं नाही. शौचाला नेणं हे मदतनीस ताईंचं काम. मोबाइल बंद, फोटो नाही, चॉकलेट नाही, हात उगारणं तर नाहीच. अंगावर वळ दिसले किंवा मूल काही भलतंच बोललं, तर त्याला खोदून न विचारता त्याच दिवशी ताईंना आणि आपल्या शिक्षकांना सांगायचं.

प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त बिघडतं ते मदतीच्या हौसेने. झाकण लागत नाही म्हटल्यावर दादा ते लावून देतो, आणि मुलाचा अर्ध्या मिनिटाचा प्रयत्न तिथेच संपतो. मनात वीस आकडे मोजूनच हात पुढे करायचा, अशी अट घाला. दुसरी चूक म्हणजे पटापट उत्तर देणाऱ्या एकाच मुलीशी बोलत राहणं. टिपणाऱ्याने कोणाशी किती वेळा बोललं गेलं त्याच्या रेघा मारल्या की ते लगेच दिसतं.

दर खेपेनंतर वीस मिनिटं वह्या उघडून बसा आणि त्यातूनच पुढच्या आठवड्याचा खेळ ठरवा. काम संपवायचं असेल तर दोन आठवडे आधीपासून मुलांना सांगा, आणि साहित्याचा डबा यादीसह ताईंच्या हाती द्या.