ऋतूप्रमाणे कपडे निवडताना कोणता नियम पाळावा, कोणता सोडावा

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. एरवीची त्याची तारीख ११ जून. त्याआधीचा लवकर येण्याचा विक्रम २९ मेचा होता, तोही १९५६ मधला. त्याच दिवशी ठाण्याला आमच्या नात्यातलं लग्न होतं आणि सगळ्यांनी कपडे काढून ठेवले होते ते मे महिन्याच्या हिशेबाने. चंदेरी, टसर, कोल्हापुरी चपला आणि माझ्या मावशीची येवल्याची डाळिंबी पैठणी. फाटकापासून कार्यालयाच्या दारापर्यंत जेमतेम पन्नास पावलं. मावशीने निऱ्या दोन्ही हातांनी घोट्याच्या वर उचलून धरल्या, पण पदर भिजलाच. घरी आल्यावर तो पलंगावर पसरला, तेव्हा जरीच्या काठालगत पाण्याची फिकट कडा उमटलेली दिसली, ओहोटीनंतर वाळूवर रेघ राहावी तशी. ती अजून गेलेली नाही.

तेव्हापासून ‘ऋतूप्रमाणे कपडे घालायचे नियम आता कोण पाळतं?’ असं कुणी म्हटलं की मला ती कडा आठवते. नियम अजून लागू आहेत, पण सगळ्यांचं कारण एक नाही. काही नियम अंगासाठी आहेत, काही कापडासाठी, काही माणसांसाठी. कपाट उघडल्यावर मी कसा विचार करते, ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: हा नियम कुणासाठी आहे, ते विचारा

‘पावसाळ्यात कोल्हापुरी घालू नये’ हा नियम चपलेसाठी आहे. वनस्पतीज द्रव्यांनी कमावलेलं ते चामडं पाणी पितं, फुगतं आणि ओलं राहिलं की त्यावर बुरशी येते. हा नियम आजही तितकाच पक्का. चांगली जोडी जूनच्या आधी पुसून, कोरडी करून ठेवून द्यावी.

‘संक्रांतीला काळं’ या नियमाची सुरुवात अंगासाठी झाली. १४ जानेवारीच्या आसपास थंडी असते, काळा रंग ऊन शोषतो, ऊब देतो. मुंबई-पणजीच्या जानेवारीत त्या उबेची फारशी गरज पडत नाही. तरीही चंद्रकळा निघते, हलव्याचे दागिने चढतात, बोरन्हाणाला बाळाच्या अंगावर काळं झबलं येतं. एरवी मंगलकार्यात टाळला जाणारा रंग त्या दिवशी मानाने नेसला जातो, आणि असा दिवस वर्षातून एकदाच येतो. नियम आता माणसांसाठी उरलाय. तो मनापासून पाळावा असं मला वाटतं.

नवरात्रीच्या नऊ रंगांमागे जुना शास्त्राधार नाही. ही प्रथा या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रातून रुजली आणि बरेचसे रंग वारावरून ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, शनिवारी करडा. पण मंगळवारी सकाळी लोकलच्या महिलांच्या डब्यात शिरल्यावर सगळा डबा लाल दिसतो, तेव्हा अनोळखी बायकाही एकमेकींकडे बघून हसतात. तो आनंद खरा आहे. त्यासाठी नवी साडी मात्र घेऊ नये, आणि करड्या रंगाचं काही नसलेल्या मैत्रिणीला ‘आज हे काय घातलंस?’ असं विचारू नये.

उरले दुकानांचे नियम. मॉलमधला ‘ऑटम-विंटर’चा माल युरोपच्या हवेच्या हिशेबाने येतो. मुंबईत जानेवारीच्या रात्रीही पारा सरासरी १६-१७ अंशांवर असतो. तिथे लोकरीचा जाड कोट कशाला? हा नियम बिनदिक्कत सोडावा.

दुसरी पायरी: दिनदर्शिकेआधी हवा बघा

मे महिना अकोल्यालाही असतो आणि रत्नागिरीलाही, पण कपडे एक नाहीत. विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी असते, घाम लगेच उडून जातो. तिथे पूर्ण बाह्यांचा सैल सुती कुर्ता आणि डोक्याला पंचा किंवा ओढणी हाच शहाणपणाचा पोशाख, कारण अंग उन्हापासून झाकायचंय. कोकणात पारा त्यापेक्षा दहाएक अंशांनी कमी, पण हवेत इतकं पाणी की घाम वाळतच नाही. तिथे वारा अंगाला लागायला हवा: रुंद गळा, आखूड बाह्या, कमरेला न आवळणारं काहीतरी. त्यामुळे सकाळी फोनवर तापमानासोबत आर्द्रताही बघा.

कडक शिस्तीच्या पोशाखालाही हवा मानावी लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतर ठिकाणी उन्हाळ्यात वकिलांना काळा कोट सक्तीचा नाही.

तिसरी पायरी: कापड हातात घेऊन पारखा

माझी आजी दुकानात आधी रंग बघायचीच नाही. कापडाचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायची, मुठीत चुरगळून सोडायची, मग गालाला लावायची. ‘हे घेऊ नकोस गं, चैत्रात अंगाला चिकटेल,’ असं म्हणाली की विषय संपला.

ती चिमटीत जे ओळखायची, त्याला वस्त्रोद्योगात आकडा आहे. नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरतो, रेशीम ११ टक्के, आणि पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. म्हणून एप्रिलमध्ये सुती कापड घाम टिपतं आणि पॉलिएस्टर पाठीला चिकटतं.

पण जुलै आला की हाच गुण उलटतो. टिपलेलं पाणी कापूस सोडत नाही. कोकणात जाड सुती कुर्ता दोन-दोन दिवस वळणीवर दमट राहतो आणि त्याला कुबट वास येतो. ‘सुतीसारखं दुसरं काही नाही’ हा नियम अर्ध्या वर्षाचा आहे. भर पावसात जॉर्जेट, शिफॉन, टेरिकॉट किंवा अगदी पातळ मलमल घाला. जीन्स म्हणजे तर जाड सुतीच. गुडघ्यापर्यंत भिजली की दिवसभर तो ओला भार पायांवर वागवावा लागतो. रेयॉन थंड लागतं, पण ओलं झालं की दुबळं होतं, लोंबतं, शिवणीत ताणलं जातं. ते कोरड्या दिवसांसाठी ठेवा.

आणि सुती सुतीतही फरक असतो. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा, दुसरा तळहात पलीकडे ठेवा. हाताला वारा लागला तर ते मे महिन्यासाठी घ्या. नाही लागला तर सूत कितीही अस्सल असो, विणकर कितीही नामांकित असो, ते डिसेंबरचं कापड आहे.

चौथी पायरी: वाट आणि मुक्काम वेगळे धरा

शहरात एका दिवसात दोन ऋतू भेटतात. स्टेशनवर ३४ अंश, ऑफिसात एसी. १ जानेवारी २०२० पासून स्टार मानांकन असलेले घरगुती एसी २४ अंशांवर लावूनच विकले जातात. ऑफिसात मात्र कुणीतरी पारा खाली आणतंच. कपडे वाटेच्या हवेला साजेसे घाला आणि मुक्कामासाठी खुर्चीवर एक पातळ शाल किंवा खणाचं जाकीट कायमचं ठेवा. पावसाळ्यात त्याच्या जोडीला पिशवीत कोरडा कुर्ता असू द्या.

पाचवी पायरी: रंग सर्वांत शेवटी

‘उन्हात काळं नको’ हे अंगाला घट्ट बसणाऱ्या टी-शर्टपुरतं खरं आहे. वाळवंटातले बेदुइन लोक काळे पायघोळ झगे घालतात. १९८० साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असं दिसलं की काळ्या झग्याने जास्त शोषलेली उष्णता त्वचेपर्यंत पोहोचतच नाही, सैल झग्याच्या आत अंगाला काळ्यात आणि पांढऱ्यात सारखाच ताप. तेव्हा आधी कापड, मग कपडा सैल की घट्ट ते, मग रंग.

भर उन्हाळ्यात पैठणी नेसायचीच असेल तर

चातुर्मासात लग्नं होत नाहीत, आणि शाळेच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे जड रेशीम नेमकं चुकीच्या हवेत बाहेर निघतं. म्हणून कुणी पैठणी नेसूच नये, असं मी म्हणणार नाही. ती नेसण्यासाठीच विणलेली असते.

परकर सुती घ्या आणि ब्लाउजला सुती अस्तर लावा, म्हणजे घाम रेशमाआधी तिथे अडतो. अत्तर साडी नेसण्याआधी, अंगाला लावा; जरीवर त्याचा थेंबही नको. मुहूर्तापुरती पैठणी नेसा आणि पंगतीला बसण्याआधी बदला. प्रवास दुसऱ्या साडीत करा. मावशीने तेवढं केलं असतं तर पदर वाचला असता.

घरी आल्यावर लगेच घडी घालू नका. रात्रभर सावलीत, पंख्याखाली पसरून ठेवा, मग वेगळ्या जागी मोडून घडी घाला, कारण एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडलेली जर तिथेच तुटते. प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. पावसाळा संपला की बाहेर काढून वारा दाखवा.

रोजच्या सुती कपड्यांसाठी आपल्याकडे जुना उपाय आहेच. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात पावसाळ्यात धूप दिलेली वस्त्रं वापरायला सांगितलंय. आमच्या घरी जुलै-ऑगस्टमध्ये धुरीचं भांडं खाली आणि दोन हात उंच दोरीवर कपडे, असं अजून चालतं. जरीचे कपडे मात्र त्या खोलीत नसतात.

मावशीने तीच पैठणी डिसेंबरात माझ्या भावाच्या लग्नात नेसली. बाहेर कोरडी थंडी होती, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिला साडी बदलावी लागली नाही. पदरावरची कडा तिने झाकली नव्हती. माझ्या वहिनीने ती बघून विचारलं, तेव्हा मावशी पदर हातात घेऊन तिला सांगत बसली, ‘हा २६ मेचा पाऊस, बघ.’