थंडीत उन्हाळी भाज्यांची रोपे करताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की उन्हाळी काकडी, कारली, मिरची, टोमॅटोच्या रोपांची घाई सुरू होते. जानेवारीअखेर लागवड धरायची, तर बी आत्ताच पडायला हवे. नेमक्या याच दिवसांत नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे पहाटेचा पारा 10 अंशांखाली उतरतो. निफाडला तर काही वर्षी तो 5 अंशांच्याही खाली गेला आहे. लहान-लहान कपांचे रोपांचे ट्रे भरून, बी टाकून दहा दिवस झाले तरी एक कोंब दिसत नाही, आणि दोष बियाण्यावर जातो. बहुतेक वेळा बी चांगले असते, त्याला ऊब मिळालेली नसते.

दुपारच्या उन्हावर भरवसा

दुपारी 28 अंश असले तरी बी रात्रभर ओल्या कोकोपीटमध्ये (ट्रेत भरायच्या नारळाच्या काथ्याच्या भुशात) गारठलेले असते. त्यात ट्रे वाऱ्याला उघडा असेल तर ओल उडताना ऊबही घेऊन जाते, आणि ट्रे हवेपेक्षा गार पडतो. मिरचीचे बी 25 अंशांना साधारण 8 दिवसांत उगवते. 20 अंशांना 13 दिवस लागतात, 15 ला 25 दिवस, आणि 10 ला ते उगवतच नाही. काकडी 25 अंशांना 4 दिवसांत वर येते, 15 ला तिलाही 13 दिवस लागतात. इतके दिवस ओलीत पडलेले बी कुजणारच. कांदा आणि कोबी मात्र गारठ्यातही उगवतात, त्यांच्यासाठी ऊब देण्याचा खटाटोप करू नका.

उपाय साधा आहे. बी टाकून हलके पाणी दिल्यावर 8-10 ट्रे एकावर एक रचा. खाली फरशी नको, फळी किंवा गोणपाट हवे. थप्पी प्लास्टिकने सगळीकडून गुंडाळा आणि रात्री वरून पोती टाका. घरातली बंद खोली किंवा गोठ्यालगतचा आडोसा यासाठी उत्तम.

पण थप्पी विसरली की दुसरे नुकसान होते. कोंबाला वर आल्याबरोबर उजेड लागतो. एक दिवस उशीर झाला तरी रोप दोऱ्यासारखे लांबते, आणि लांबलेले रोप पुन्हा ठेंगणे करता येत नाही. म्हणून काकडीची थप्पी तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ उघडून पाहा. चार-दोन कोंब दिसले की सगळे ट्रे उजेडात मांडा, बाकीचे बी मागून येते.

कारल्याच्या बियांचे टरफल जाड असते, ते बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून फडक्यात बांधून ठेवले तर फायदा होतो. औषधाचा रंगीत लेप असलेले बी मात्र भिजवू नका, लेप धुऊन जातो.

पाणी: सर्वांत जास्त रोपे इथे जातात

थंडीत रोप पाणी कमी ओढते, आणि आपण उन्हाळ्याच्या सवयीने रोज झारी फिरवतो. कोकोपीट वरून कोरडे दिसले तरी आत ओल असते. बोटाने दाबून पाहा, ट्रे उचलून वजन बघा. ओल्या गारठ्यात पिथियमसारख्या बुरशा मातीलगत खोड पकडतात. ते बारीक होते, पाणी सुटल्यासारखे दिसते, आणि सकाळी रोपे आडवी झालेली असतात. एका कोपऱ्यात अशी पाच-सात रोपे दिसली तर ती कपांतल्या कोकोपीटसह काढून टाका, त्या ट्रेचे पाणी तोडा आणि वारा खेळू द्या. कोलमडलेले रोप वाचत नाही, शेजारची वाचतात. पेरणीआधी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळला असेल तर त्रास कमी होतो, पण जास्तीच्या पाण्यावर तो इलाज नाही.

संध्याकाळी पाणी देऊ नका. सकाळी ऊन अंगावर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास द्या. रात्रभर टाकीत गारठलेले पाणी वापरण्यापेक्षा विहिरीचे ताजे उपसलेले चांगले, थंडीत ते हाताला कोमट लागते.

प्लास्टिक दुपारी झाकलेले राहणे

रात्रीच्या थंडीसाठी ट्रेवर प्लास्टिकचा छोटा बोगदा करतात, ते योग्यच आहे. पण एका जानेवारीत मी सकाळी बाजाराला गेलो आणि बोगद्याची तोंडे उघडायची राहिली. दुपारी परतलो तेव्हा मिरचीची पाने उकडल्यासारखी झाली होती. तीन आठवडे जपलेली रोपे होती, अजून जिवाला लागते. बाहेर 28 अंश असले की बंद प्लास्टिकखाली पारा सहज 40 च्या पुढे जातो. ऊन वर आले की तोंडे उघडा आणि सूर्य कलायच्या आधी झाका. घरी लक्ष ठेवायला कोणी नसेल तर दिवसभर उघडे ठेवलेले बरे.

टोमॅटोची पाने खालून जांभळी दिसली तर लगेच खत ओतू नका. गारठ्यात मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, ऊब वाढली की नवी पाने हिरवी येतात.

शेतात न्यायची घाई

लागवडीआधी पाच-सहा दिवस पाणी थोडे कमी करून रोपे उघड्यावर काटक करावी लागतात. पहाटेचा पारा सलग चार-पाच दिवस 12 च्या वर टिकला की मगच ती हलवा. मिरचीचे रोप ट्रेमध्ये आठवडाभर जास्त राहिले तरी चालते. काकडी थांबत नाही, दोन-तीन पाने होताच तिची मुळे कपात वेढे घालतात आणि उपटताना दुखावतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी लावायच्या असतील तर काकडीचे बी मिरचीच्या तीन आठवडे मागून टाका.